मोहीम म्हणे मोहीम!

मंडळी, आजचं लिखाण जरा तिखट होणार आहे, आधीच सांगून ठेवते. ज्यांना रागवायचं असेल त्यांनी खुशाल रागवा, पण शेवटपर्यंत वाचून मग रागवा. आमच्या घरातले दोघे-तिघे आधीच फुगून बसलेत. त्यात आणखी चार जणांची भर पडली म्हणून मला पोळ्या काही जास्त लाटाव्या लागणार नाहीत.

तर विषय आहे आइसलंडचा. दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, सहस्रचंद्रदर्शन जवळ आलंय. त्यानिमित्त भाच्याने घाट घातलाय की सगळ्यांनी मिळून आइसलंडला जायचं. नुसतं जायचं नाही, तर शंभर-सव्वाशे प्रवाशांच्या छोट्या जहाजात बसून अख्ख्या बेटाला प्रदक्षिणा घालायची. नऊ रात्री. रेक्याविकला चढायचं, पश्चिमेच्या चिंचोळ्या खाड्या बघायच्या, मग उत्तरेला अकुरेरी, हुसाविकचे देवमासे, पूर्व किनारा, दक्षिणेला वेस्टमन बेटं आणि परत रेक्याविक. विमानासकट माणशी खर्च आठ लाखांच्या घरात. मुलगा चांगला कमावतो, स्वतःच्या आईवडिलांना फिरवतोय, त्यात मी नाक खुपसायचं कारण नाही. जावं त्यांनी. जरूर जावं.

माझा आक्षेप आहे तो एका वाक्याला. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्या सहलीची चित्रं आली आणि खाली कुणीतरी लिहिलं, "वॉव! आपल्याकडे असलं काहीच नाही ना!" त्यावर आठ अंगठे. आठातले पाच अंगठे कोकणात जन्मलेल्यांचे! हे वाक्य साफ खोटं आहे. आपल्याकडे हे सगळं होतं, बरंचसं अजूनही आहे. त्यातलं काही आम्ही बंद पडू दिलं, काही सुरुंग लावून उडवलं, आणि आता तेच विकत घ्यायला आठ लाख मोजतोय.

त्या माहितीपत्रकात पानोपानी 'एक्स्पिडिशन' हा शब्द आहे. मराठीत मोहीम. पूर्वी मोहिमेवर गेलेला माणूस परत येईल की नाही याची घरच्यांना शाश्वती नसायची. इथे तीन वेळचं जेवण, गरम पाण्याचा हौद आणि संध्याकाळी व्याख्यान. असो, शब्दाचा फार कीस पाडत नाही (सवय जात नाही, काय करणार). एक मात्र खरं, मोठ्या क्रूझपेक्षा ही जहाजं वेगळी असतात. मोठं जहाज मोठ्या बंदरातच लागतं. छोटं जहाज जिथे धक्काच नाही अशा जागी समुद्रात नांगर टाकतं आणि प्रवाशांना रबरी होड्यांतून किनाऱ्यावर नेतं. पत्रकात ह्याला थरार म्हटलंय, आणि खरे पैसे ह्या थराराचेच आहेत.

हा थरार मी आणि दादाने लहानपणी दर सुट्टीत अनुभवलाय. आणि तो थरार आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

१९६० च्या दशकातली गोष्ट. दर मे महिन्यात आम्ही भाऊच्या धक्क्यावर बोटीत चढायचो. आई, आजी, आम्ही भावंडं, दोन ट्रंका, वळकट्या, फिरकीचा तांब्या. वडील गिरणीत, त्यांना रजा नाही, ते धक्क्यावरूनच हात हलवायचे. तिकीट अर्थातच सगळ्यात खालच्या वर्गाचं. म्हणजे डेकवर सतरंजी टाकायची आणि उतरेपर्यंत ती राखायची. कुणाला बोट लागली की आजी आलेपाकाची वडी पुढे करायची. तिला बंदरं तोंडपाठ होती, जपमाळ ओढावी तशी ती मोजायची. जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड. देवगडला आमची उतरायची वेळ रात्रीची. बोट बाहेर समुद्रातच उभी राहायची. भोंगा झाला की काळोखातून कंदील हलत हलत यायचे. ते पडाव. पडाव येऊन बोटीला लागायचा खरा, पण लाटेबरोबर एकदा वर यायचा आणि एकदा पुरुषभर खाली जायचा. वर आला की उडी मारायची. खाली खलाशी हात पसरून उभा, "टाक पाय, घाबरतस कित्याक!" आधी ट्रंका, मग पोरं, मग बायका. माझी आजी साठी उलटल्यावरही नऊवारीचा काचा मारून दर वर्षी ही उडी मारत होती.

आइसलंडच्या उत्तरेला ग्रिमसे नावाचं एक चिमुकलं बेट आहे, तिथे आर्क्टिक वृत्त ओलांडलं की प्रवाशाला प्रमाणपत्र मिळतं. आमच्या आजीला खलाशाने "म्हातारे, गप बस थंय" एवढंच म्हटल्याचं मला आठवतं.

ते सगळं रम्य होतं असा माझा दावा नाही. डेकवर उलट्या, तेलकट वास, संडासासमोर रांग. पण किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी ती छोट्या जहाजाची सफरच होती आणि ती गिरणीकामगाराच्या कुटुंबाला परवडत होती.

आता दगडाकडे येऊ. दगड म्हटल्यावर झोप येणाऱ्यांनी पुढचा परिच्छेद गाळला तरी चालेल, पण मी बत्तीस वर्षं आठवी ते दहावीला भूगोल शिकवलाय, मला राहवत नाही. आइसलंड हे बेट लाव्हाचं. अटलांटिक महासागराच्या मध्यावर पृथ्वीच्या कवचाचे दोन तुकडे एकमेकांपासून दूर सरकताहेत, त्या फटीवरच ते बसलंय. क्षेत्रफळ एक लाख तीन हजार चौरस किलोमीटर. आपलं दख्खनचं पठारही लाव्हाचंच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या. आज शिल्लक आहे ते सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ पाच आइसलंड! सह्याद्रीत काही ठिकाणी ह्या थरांची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. घाटातून जाताना डोंगराला ज्या पायऱ्या पायऱ्या दिसतात, त्या ह्या लाव्हाच्या लोंढ्यांच्या. ह्या दगडाला डेक्कन ट्रॅप म्हणतात, आणि ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या 'पायरी'वरून आलाय. नाव उत्तरेचं, डोंगर आमचा. आम्हाला ना नाव माहीत, ना डोंगर.

त्यांचा लाव्हा अजून गरम आहे आणि आपला कधीच निवला, हा फरक आहे आणि तो मोठा आहे. २०१० साली तिथल्या एका ज्वालामुखीच्या राखेने युरोपातली विमानं जमिनीवर आणली. २०२३ च्या नोव्हेंबरात ग्रिंदाविक हे अख्खं गाव रिकामं करावं लागलं. तसलं आपल्याकडे नाही, आणि नको. पण भाच्याने पाठवलेल्या चित्रांत उकळता लाव्हा एकाही चित्रात नव्हता. त्यांत होते काळे कडे, कड्यांवरून पडणारं पाणी आणि रेनिसफ्यारा नावाच्या किनाऱ्यावरचे दगडाचे खांब. लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो, तडकतो आणि असे एकाला एक चिकटलेले कोनदार खांब तयार होतात. रेक्याविकच्या मोठ्या चर्चचा दर्शनी भाग ह्याच खांबांवरून सुचलाय. गटावर सगळे हरखून गेले होते.

मंडळी, अंधेरी स्टेशनपासून फार लांब नाही, गिल्बर्ट टेकडी आहे. असेच खांब, दोनशेएक फूट उंच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. खाणीने चारी बाजूंनी कोरून काढलेली, पायथ्याला वस्ती भिडलेली, माथ्यावर गावदेवीचं देऊळ. २००७ मध्ये महापालिकेने ती वारसा यादीत घातली. आमचा भाचा अंधेरीत वाढला, दहावीपर्यंत तिथेच शिकला. त्याने ती पाहिलेली नाही.

आणि आम्ही खांदेश्वरकरांनी तर दगडाच्या विषयात बोलूच नये. आमच्या इथून जवळच उलव्याची टेकडी होती. नव्वदेक मीटर उंच, ह्याच काळ्या कातळाची. नवी मुंबईच्या विमानतळासाठी ती सुरुंगांनी फोडून सपाट केली, तिच्याच दगडाने खाजणात भराव घातला, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं उठवली. दुपारी सुरुंगाचा दबका आवाज आला की आमच्या शेजारच्या आजी घड्याळ बघायच्या. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला पहिली विमानं उडाली. आता म्हणाल, आत्या विमानतळाच्या विरुद्ध! तसं नाही. एवढ्या मोठ्या शहराला दुसरा विमानतळ लागणारच. मला खुपतं ते हे, की टेकडी उभी होती तोवर तिच्याकडे बघण्यासारखं काही आहे असं कुणाच्या गावीही नव्हतं. मी शिकवत होते त्या शाळेत मी दोनदा सुचवलं होतं, मुलांना उलव्याला नेऊ, दगड दाखवू. "तिथे काय बघायचंय बाई?" असं उत्तर मिळालं आणि सहल वॉटर पार्कला गेली. त्यातलीच काही मुलं आता चाळिशीत आहेत, चांगल्या नोकऱ्यांत आहेत. उद्या ती टेकडी फोडून केलेल्या धावपट्टीवरून उडतील आणि काळा दगड बघायला आइसलंडला जातील. विनोदी लेखकांनी ह्यापुढे काय लिहायचं?

भाच्याच्या सहलीत वेस्टमन बेटं आहेत. त्यातल्या हेमाए बेटाची गोष्ट मी वर्गात सांगायचे. २३ जानेवारी १९७३ च्या रात्री ह्या बेटावर, गावाला लागूनच, जमीन फाटली. आदल्या दिवशीच्या वादळामुळे मासेमारीच्या बोटी सुदैवाने बंदरातच होत्या. पाच हजारांवर लोकांना बहुतेक ह्याच बोटींतून रातोरात मुख्य भूमीवर नेलं. पुढे लाव्हा बंदराच्या तोंडाकडे सरकू लागला. बंदर बुजलं असतं तर मासेमारी संपली असती आणि गावही संपलं असतं. तेव्हा त्या लोकांनी मोठमोठे पंप आणले आणि समुद्राचं पाणी महिनोन्‌महिने त्या लाव्हावर मारलं. लाव्हा गोठला, बंदर वाचलं. एका मासेमारीच्या गावाने बंदरासाठी ज्वालामुखीशी भांडण केलं! आमच्या कोकणातल्या बंदरांवर लाव्हा चालून आलेला नाही, नुसता गाळ आलाय. तो काढायच्या गोष्टी मी मुलगी होते तेव्हापासून ऐकतेय.

आमची ती कोकणची बोट ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बंद पडली. नव्वदच्या दशकात मुंबई-गोवा कॅटामरान आली आणि गेली. २०१८ साली 'आंग्रिया' आली, मोठा गाजावाजा झाला, २०२० च्या करोनात थांबली. २०२५ साली मुंबई-विजयदुर्ग रो-रोची घोषणा झाली. आमच्या नवी मुंबईतही २०२२ च्या फेब्रुवारीत बेलापूरहून भाऊच्या धक्क्याला वॉटर टॅक्सी सुरू झाली होती, तिचं भाडं ऐकूनच लोक लोकलकडे वळले. दर वेळी नारळ फुटतो, फीत कापतात, फोटो येतो.

हे बोललं की लोकांची तीन उत्तरं ठरलेली असतात. पहिलं, "आता रस्ता झाला, रेल्वे झाली, बोट कशाला?" कोकण रेल्वे १९९८ च्या २६ जानेवारीला पूर्ण सुरू झाली आणि ती आमच्या पिढीला मिळालेली मोठी देणगी आहे. पण गणपतीचं तिकीट मिळवून दाखवा, मग बोलू. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं, ते २०२५ च्या गणपतीतही पूर्ण झालेलं नव्हतं. आणि रस्ता झाला की बोट मरते हा काही निसर्गनियम नाही. नॉर्वेमध्ये बर्गनपासून पार वर किर्केनेसपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी बोट १८९३ पासून चालू आहे. चौतीस बंदरं घेते. त्या देशात रस्ते नाहीत का? विमानं नाहीत का? तरी सरकार पैसे घालून ती चालू ठेवतं. एकाच बोटीत खालच्या गावाहून वरच्या गावाला जाणारी म्हातारी बसते आणि केबिनचे भरपूर पैसे मोजलेला परदेशी पाहुणाही बसतो. पाहुण्याला समुद्र दिसतो, म्हातारीला घर गाठता येतं. मला जे म्हणायचंय ते ह्या एका बोटीत आहे.

दुसरं उत्तर, "आपल्याकडे पावसाळ्यात चार महिने बंद ठेवावी लागते, परवडणार कशी?" अहो, आइसलंडच्या ह्या प्रदक्षिणा तरी कुठे बाराही महिने चालतात? मे ते सप्टेंबर, संपलं. बाकीचे महिने तिथला समुद्र आपल्या आषाढातल्या समुद्रालाही वेडावून दाखवेल असा असतो. त्यांचे पाच महिने चालतात, आपल्याला ऑक्टोबर ते मे असे आठ मिळतात.

तिसरं उत्तर धोक्याचं. ह्या उत्तराची मी थट्टा करणार नाही. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळात उलटली. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं, दुसऱ्या दिवशी अमावास्या, माणसं सणाला घरी निघालेली. सहाशेहून जास्त गेली. आमच्या लहानपणी बोट काशाच्या खडकाजवळून जायला लागली की बायका पदर पुढे करून हात जोडायच्या. आणि अगदी अलीकडे, १८ डिसेंबर २०२४ ला, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, त्यातही डझनाहून जास्त जीव गेले. अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. भाच्याच्या पत्रकात काय लिहिलंय ते वाचा. जहाज सुटण्याआधी प्रत्येक प्रवाशाने जॅकेट घालून ठरलेल्या जागी उभं राहून सराव करायचा, सक्तीने. हवा बिघडली की कप्तान ठरवेल ते बेट गाळायचं, पैसे परत मागायचे नाहीत. हे नियम आमचे लोक तिथे निमूटपणे पाळतात. इथे मांडव्याला जाताना कुणी जॅकेट पुढे केलं तर "पाऊण तासासाठी कशाला?" म्हणून हसतात. धोका आपल्याच समुद्रात जास्त आहे असं मला वाटत नाही.

आता किल्ल्यांचं बघा. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार समुद्राचे. पेढे वाटले, ढोल वाजले, मलाही आनंद झाला. हे चारही एका रेषेत, एकाच किनाऱ्यावर, सगळे समुद्रातून बघण्यासाठीच बांधलेले. शत्रू यायचा तो समुद्रातूनच ना! रस्त्याने जाऊन किनाऱ्यावरून बघितलेला सुवर्णदुर्ग म्हणजे पाठमोरा माणूस. तरी मुंबईहून निघून हे चार किल्ले ओळीने दाखवणारं नेमाने चालणारं छोटं जहाज नाही. शिवाजीमहाराजांनी आरमार उभारलं त्याच्या गोष्टी सांगताना आमचा ऊर भरून येतो, आणि आम्ही सिंधुदुर्ग बघायला जातो ते रात्रभर गाडीत झोपून.

मला काय हवंय ते सरळ सांगते. साठ-सत्तर माणसांचं जहाज, आठवड्याला दोन फेऱ्या, भाऊच्या धक्क्यावरून. निम्म्या जागा गावी जाणाऱ्यांना साध्या भाड्यात. उरलेल्या निम्म्या हौशी लोकांना महाग लावा, माझी हरकत नाही. वर एक निवृत्त भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक बसवा, चहा-नाश्त्यावर येतील. ते सांगतील की रायगड-रत्नागिरीपर्यंत खाली काळा कातळ आणि वर तांबडा जांभा आहे, आणि मालवणला पोचेपर्यंत तो काळा कातळ संपून त्याहून कितीतरी जुना दगड वर आलेला असतो. जहाजातून हा बदल ओळीने बघता येईल. गाडीतून दिसतात ढाबे. आणि कृपा करून त्यावर डीजे लावू नका. मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या क्रूझवर माझी एक मैत्रीण जाऊन आली. किनारा कुठला दिसला विचारलं तर म्हणाली, "अगं, आत एवढं काय काय होतं, बाहेर बघायला वेळच नाही झाला."

आइसलंडचे लोक काही देवदूत नाहीत. चार लाखांच्या आत लोकवस्ती आणि वर्षाला वीस लाखांहून जास्त पाहुणे, त्यांनाही आता गर्दीचा जाच होतोय. २०२५ पासून त्यांनी जहाजाने येणाऱ्या प्रवाशांवर वेगळा कर बसवला. पण १९६३ साली समुद्रातून सुर्त्सी नावाचं नवं बेट वर आलं, तेव्हा त्यांनी तिथे हॉटेल बांधलं नाही. संशोधकांशिवाय कुणाला पाय ठेवू देत नाहीत. भाच्याचं जहाज त्याच्या बाजूने जाईल, दुरूनच नमस्कार. दगड हा आपल्या घरातला ऐवज आहे हे त्यांना कळलंय, आणि म्हणूनच तो ते आपल्याला आठ लाखांना दाखवू शकतात.

ह्यातलं बरंचसं मी गटावर लिहिलं. दादाने नेहमीप्रमाणे नुसता अंगठा दाखवला. तो आइसलंडसाठी की माझ्यासाठी ते कळलं नाही, आणि सहस्रचंद्रदर्शन त्याचं असून त्याला कुठे जायचंय हे अजून कुणी विचारलेलं नाही. मग मी त्या आठ अंगठेवाल्यांना एकच प्रश्न टाकला, खांदेरीला तुमच्यापैकी कोण कोण गेलंय? थळच्या किनाऱ्यावरून समोर दिसते, अलिबागला तर तुम्ही दर वर्षी जाता. दोन दिवस झाले. सात जण गप्प आहेत. आठवीने विचारलंय, "आत्या, तिथे उतरायला जेटी आहे का, की त्या होडीतूनच उडी मारावी लागते?"